विसरायचं नाही, पण हुकूम ऐकायचा: चुंबकी मेमरीची गोष्ट



आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी मला फोन करून विचारलं, "साहेब, तुम्ही फौजी माणूस. हे पातळ फिल्म, स्पिंट्रॉनिक्स वगैरे कुठून काढलंत?" प्रश्न रास्त आहे. मी सिग्नल्सचा माणूस. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो आणि पुढची सगळी नोकरी वायरलेस सेट, अँटेना आणि केबल यांच्यात गेली. निवृत्तीनंतर महूला घर केलं. या विषयात मी संशोधक नाही. पण माझ्या हातून एकदा एक चूक झाली होती. ती चूक नेमकी काय होती, हे मला पंचवीस वर्षांनी माझ्या भाचीच्या प्रयोगशाळेत कळलं. म्हणून हा विषय.

आधी ती चूक सांगतो. जागेचं नाव नको, सेट कोणाचा होता तेही नको, कारण दोष माझा होता. नव्वदचं दशक, पंधरा हजार फुटांवरची एक पोस्ट, जानेवारी महिना. आमच्याकडे नवे वायरलेस सेट आले होते. फ्रिक्वेन्सी आणि गुप्त संदेशाच्या किल्ल्या त्यांच्या मेमरीत भरून ठेवायच्या. मुख्य बॅटरी बदलताना मेमरी पुसू नये म्हणून आत बटणाएवढा एक छोटा सेल होता. तपासणीत मी स्वतः बॅटरी काढली, दहा मिनिटं थांबलो, परत लावली. सगळं जागच्या जागी होतं. 'मेमरी टिकते' असं लिहून सही केली.

ही तपासणी मी बुखारी पेटवलेल्या खोलीत केली होती.

आठवड्याभरात आठ जवानांची एक गस्त बाहेर पडली. रात्री थंडी उणे पंचविसापर्यंत उतरली. त्यांनी बॅटरी बदलली आणि सेट सगळं विसरला. त्या गारठ्यात छोट्या सेलचा व्होल्टेज पडला होता. वर हिमवादळ. सहा तास आमचा त्यांच्याशी संपर्क नव्हता. पहाटे आठही जण परतले, पण एकाच्या पायाची दोन बोटं हिमदंशानं गेली. त्यानं मला कधी एक शब्द ऐकवला नाही. मी मात्र ती सही विसरलो नाही.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात होता. वीज गेली तरी विसरणार नाही, थंडी-उन्हाला दाद देणार नाही, आणि तरी पाहिजे तेव्हा झटकन बदलता येईल अशी मेमरी असू शकते का? फ्लॅश मेमरी, म्हणजे आपल्या पेनड्राइव्हमधली, वीज गेली तरी लक्षात ठेवते. पण तिच्यावर लिहायला वेळ लागतो आणि पुन्हापुन्हा लिहून ती झिजते. कॉम्प्युटरची रोजची रॅम वेगवान असते, पण वीज गेली की पाटी कोरी.

चुंबकाचा मार्ग जुना आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली आपल्या देशात बांधलेला टिफ्रॅक संगणक सुरू झाला. त्याची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची होती. एकेक कडं म्हणजे एक बिट: चुंबकन एका दिशेला फिरलेलं असेल तर शून्य, उलट दिशेला असेल तर एक. अशा कड्यांमध्ये २०४८ शब्द मावायचे. वीज गेली तरी कडं आपली दिशा सोडत नाही. माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच होतं. अडचण आकाराची होती. कड्यांतून तारा ओवाव्या लागत, आणि आज आपल्याला नखाएवढ्या जागेत शंभर कोटी बिट हवे आहेत.

आता आजच्या चुंबकी बिटची रचना सांगतो. त्याला चुंबकी टनेल जंक्शन म्हणतात. चुंबकाचे दोन पातळ थर, आणि त्यांच्या मध्ये एक नॅनोमीटरच्या आसपास जाडीचा मॅग्नेशियम ऑक्साइडचा थर. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा. खालच्या चुंबकाची दिशा पक्की बांधलेली, वरचा मोकळा. दोघांची दिशा एक असेल तर वीज मधल्या थरातून सहज जाते, उलट असेल तर अवघड जाते. म्हणजे फक्त रोध मोजायचा आणि बिट वाचायचा.

हा परिणाम १९७५ साली फ्रान्समध्ये ज्युलिएर यांनी अतिथंड तापमानात पाहिला. खोलीच्या तापमानात तो नीट दिसायला १९९५ उजाडलं. त्या वर्षी तो जपानमध्ये मियाझाकी यांनी आणि अमेरिकेत एमआयटीत जगदीश मूडेरा यांनी दाखवला. मूडेरा आपल्या आयआयटी मद्रासमधून पीएच.डी. होऊन तिकडे गेलेले. २००४ साली युआसा आणि पार्किन यांच्या गटांनी मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडचा थर वापरला आणि वाचन एकदम ठळक झालं.

हे झालं वाचणं. लिहायचं कसं? तार जवळ नेऊन चुंबकी क्षेत्रानं वळवायचं म्हटलं, तर बिट लहान होईल तसं क्षेत्र जास्त लागतं, आणि शेजारचा बिटही वळतो. यातून सुटका १९९६ साली स्लॉन्चेव्स्की आणि बर्जर यांनी वेगवेगळी सुचवली. इलेक्ट्रॉनला स्पिन असतो, म्हणजे तो स्वतःच एक इवलासा चुंबक असतो. पक्क्या थरातून गेलेल्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन एका दिशेला लागतात. ते मोकळ्या थरात शिरले की त्याला वळवायला पाहतात. क्षेत्र नको, तार नको, बिटमधूनच वीज सोडायची. यालाच स्पिन ट्रान्सफर टॉर्क म्हणतात.

आता मुद्द्यावर येतो. चांगल्या बिटला आपण दोन गोष्टी मागतो, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. पहाऱ्यावरच्या जवानाला आपण काय सांगतो? आजूबाजूच्या खडखडाटानं जागा सोडायची नाही, पण खरा हुकूम आला की क्षणात वळायचं. बिटच्या बाबतीत खडखडाट म्हणजे उष्णता. प्रत्येक अणू सतत थरथरत असतो आणि ती थरथर चुंबकाला धक्के देत राहते. हुकूम म्हणजे आपण सोडलेली वीज.

आधी खडखडाटाचा हिशेब करू, कारण तो मला फार आवडतो. चुंबकाला 'वर' आणि 'खाली' अशा दोन दिशा आवडतात आणि मध्ये ऊर्जेची एक टेकडी असते. टेकडीची उंची भागिले उष्णतेची ऊर्जा, या संख्येला डेल्टा म्हणतात. बिट आपोआप उलटायला सरासरी किती वेळ लागेल ते डेल्टावरून काढता येतं. नेएल यांनी १९४९ साली हा विचार मांडला. चुंबक साधारण दर नॅनोसेकंदाला एकदा टेकडी चढून पाहतो. डेल्टा एकानं वाढला की टिकण्याचा काळ २.७ पट होतो, दहानं वाढला की बावीस हजार पट.

आकडे घालू. डेल्टा ४० असेल तर एक बिट सरासरी साडेसात वर्षं टिकतो. ६० असेल तर ३६० कोटी वर्षं! तुम्ही म्हणाल, मग झालंच की काम. थांबा. चिपवर शंभर कोटी बिट आहेत. प्रत्येकाचं सरासरी आयुष्य ३६० कोटी वर्षं असलं तरी दहा वर्षांत त्यांतले तीनेक उलटणारच. तेवढं चालतं, चूक दुरुस्त करणारं गणित चिपमध्येच असतं.

पण हा हिशेब खोलीच्या तापमानाचा आहे. तीच चिप ८५ अंशांवर न्या, म्हणजे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली समजा. डेल्टाच्या छेदात तापमान असल्यामुळे ६० चे ५० होतात. एका बिटचं आयुष्य आता २ लाख वर्षांच्या थोडं वर, आणि शंभर कोटींमध्ये साधारण दर दोन तासांना एक बिट उलटतो. अजून पुढे. चिप बोर्डवर बसवताना सोल्डर वितळवायला २६० अंशांपर्यंत तापवावी लागते. तिथे डेल्टा ३४ च्या आसपास. त्या एका मिनिटात सव्वा लाख बिट उलटतील. कारखान्यात आधी भरलेला प्रोग्रॅम बोर्डवर बसेपर्यंत बिघडलेला. आणि मी यात टेकडीची उंची तीच धरली आहे. खरं तर तापमान वाढलं की टेकडीही खचते, म्हणजे परिस्थिती याहून वाईट.

आता लक्षात आलं ना, बुखारीच्या खोलीत केलेली तपासणी का फसवते? तिथे मला थंडीनं फसवलं, इथे उष्णता फसवेल. आकडा कितीही चांगला असो, तो कोणत्या तापमानाचा हे आधी विचारायचं.

मग टेकडी उंच करा, प्रश्न मिटला? नाही. टेकडी जितकी उंच, तितका हुकूम मोठा लागतो. जास्त वीज, म्हणजे जास्त उष्णता, मधला नाजूक थर लवकर झिजणार, आणि वीज पुरवणारा ट्रान्झिस्टर मोठा लागणार. म्हणजे एका हातानं मिळवलं ते दुसऱ्या हातानं गेलं. सवलत मिळायची एकच मोठी जागा उरते. तिचं नाव डॅम्पिंग. पाठ्यपुस्तकात त्याला अवमंदन म्हणतात.

डॅम्पिंग मला भाचीनं समजावलं ते माझ्याच कंपासवरून. ती घरी आली होती. शोकेसमध्ये माझा जुना लिक्विड प्रिझमॅटिक कंपास ठेवलेला आहे. तिनं तो हातात घेतला, हलवला आणि विचारलं, "मामा, यात द्रव कशाला भरलाय?" मी म्हटलं, "अगं, रात्रीच्या मार्चमध्ये बेअरिंग घ्यायचं असतं. कोरड्या कंपासची तबकडी इकडून तिकडे झुलत राहते. द्रव तिला लगेच शांत करतो." ती म्हणाली, "तेच डॅम्पिंग. माझ्या चुंबकातही असा एक न दिसणारा द्रव आहे. फक्त तुम्हाला तो जास्त हवा होता, मला कमी हवाय."

फरक एवढाच की कंपासची तबकडी देहानं फिरते. पातळ थरात धातू जागचा हलत नाही, त्याच्या चुंबकनाची दिशा फिरते, आणि तीही भोवऱ्यासारखी. भोवरा कलला की सरळ पडत नाही, त्याचा आस गोल गोल घुमतो. चुंबकनही तसंच घुमतं, आणि घुमता घुमता ऊर्जा गमावत मूळ दिशेला येऊन थांबतं. किती लवकर थांबतं, ते आल्फा नावाची संख्या सांगते. या घुमण्याचं समीकरण लँडाऊ आणि लिफशिट्झ यांनी १९३५ साली दिलं. आज सगळे वापरतात ते डॅम्पिंगचं रूप गिल्बर्ट यांनी १९५५ साली मांडलं. गंमत म्हणजे त्या वेळी त्याचा फक्त सारांश छापून आला होता. सविस्तर लेख प्रसिद्ध झाला २००४ साली, जवळजवळ पन्नास वर्षांनी. तोवर जग ते समीकरण वापरतच होतं.

आता कमी आल्फानं लिहिणं स्वस्त का होतं? बागेतला झोपाळा आठवा. झोपाळा एका धक्क्यात डोक्यावरून जात नाही. प्रत्येक फेरीला थोडा धक्का द्यायचा. प्रत्येक फेरीला घर्षण थोडी ऊर्जा चोरतं. धक्का चोरीपेक्षा जास्त असेल तर झोका वाढत जातो. बिटमध्ये वीज प्रत्येक घुमण्याला धक्का देते आणि डॅम्पिंग चोरी करतं. चोरी निम्मी झाली की लागणारी वीजही निम्मी. आणि महत्त्वाचं म्हणजे डॅम्पिंग कमी केल्यानं टेकडीची उंची कमी होत नाही. लिहायला लागणारी वीज आल्फा गुणिले टेकडी या प्रमाणात असते. म्हणून टेकडी तशीच ठेवून आल्फा घटवायचा, म्हणजे आठवण शाबूत आणि खर्च कमी. डेल्टा ६०, आल्फा ०.०१ आणि स्पिनची कार्यक्षमता निम्मी धरली तर ३० मायक्रोॲम्पियरच्या आसपास हिशेब येतो. आल्फा ०.००५ केला तर १५.

हे ऐकायला सोपं आहे. मग घोडं कुठे पेंड खातं? निसर्गानं टेकडी आणि डॅम्पिंग ही दोन्ही एकाच मुळाशी बांधली आहेत.

ते मूळ म्हणजे स्पिन-ऑर्बिट जोड. इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याचं अणूभोवतीचं फिरणं यांच्यातलं नातं. हे नातं आहे म्हणूनच चुंबकनाला स्फटिकातली अमुक दिशा आवडते आणि टेकडी तयार होते. पण त्याच दारानं चुंबकनाची ऊर्जा गळून स्फटिकाच्या थरथरीत जाते. प्लॅटिनमसारख्या जड धातूंमध्ये हे नातं घट्ट असतं. कोबाल्ट आणि प्लॅटिनमचे थर एकावर एक चढवले की चुंबक ताठ उभा राहतो, टेकडी छान उंच होते, पण आल्फाही चढतो. उलट, लोखंडात शेकडा पंचवीसच्या आसपास कोबाल्ट मिसळला तर आल्फा अर्ध्या हजारांशापर्यंत उतरतो, हे २०१६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं. पण त्या मिश्रधातूला स्वतःहून ताठ उभं राहायची हौस नाही. यिट्रियम आयर्न गार्नेट तर याहून सरस, लाखात तीन एवढाच आल्फा. आम्हा सिग्नल्सवाल्यांचा तो जुना मित्र, स्पेक्ट्रम ॲनालायझरमध्ये त्याच्या गोळीवरच ट्यूनिंग चालायचं. पण तो वीज वाहत नाही, त्यामुळे या बिटच्या कामाचा नाही.

म्हणजे घट्ट धरणारा उधळ्या, आणि काटकसरी तो ढिला. या पेचातून वाट काढली जपानच्या तोहोकू विद्यापीठात, २०१० साली. इकेदा, ओहनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोबाल्ट-लोखंड-बोरॉनचा थर घेतला आणि तो १.३ नॅनोमीटर इतका पातळ केला, म्हणजे अणूंच्या जेमतेम नऊ-दहा रांगा. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या सीमेवर लोखंडाचा अणू ऑक्सिजनशी जोडला जातो, आणि त्या जोडामुळे चुंबकन ताठ उभं राहतं. जड धातूची गरजच नाही. टेकडी सीमेवरून येते, थराच्या पोटातून येत नाही, म्हणून डॅम्पिंग फारसं वाढत नाही. ४० नॅनोमीटर व्यासाचा बिट, लिहायला ४९ मायक्रोॲम्पियर. आजच्या बहुतेक चुंबकी मेमरी याच जोडीवर उभ्या आहेत.

पुढची युक्ती आणखी सुंदर आहे. एका सीमेनं इतकं मिळतं, तर वरही मॅग्नेशियम ऑक्साइड का घालू नये? चुंबक दोन सीमांच्या मध्ये ठेवला की टेकडी जवळजवळ दुप्पट होते. वर आणखी एक फायदा. घुमणारा चुंबक शेजारच्या जड धातूत स्पिन उपसून टाकत असतो, विहिरीवरच्या मोटेसारखा, आणि त्यानं डॅम्पिंग वाढतं. ऑक्साइडचा थर मध्ये आला की मोट बंद. एकाच थरानं दोन कामं.

आता उष्णतेचा दुसरा चेहरा. आतापर्यंत बोललो ते बिटच्या आठवणीबद्दल. पण तो बिट बनतानाही भट्टीतून जातो, आणि तिथे सगळ्या फिल्मचीच परीक्षा असते.

कोबाल्ट-लोखंड-बोरॉनचा थर घालतो तेव्हा त्यात अणू अस्ताव्यस्त असतात. ३०० अंशांच्या आसपास भाजलं की बोरॉन निघून शेजारच्या टँटलममध्ये जातो, आणि मॅग्नेशियम ऑक्साइडच्या बाजूनं नीट स्फटिक बांधला जातो. म्हणजे उष्णता शत्रू नाही, तीच फिल्म घडवते. पण चिपचा कारखाना ३०० वर थांबत नाही. चुंबकाच्या वर तांब्याच्या तारांचे आणखी मजले चढतात आणि त्या कामात ४०० अंश सोसावे लागतात. तिथे टँटलमचे अणू हलायला लागतात, चुंबकात आणि सीमेवर घुसतात. चुंबकाचं ताठ उभं राहणं संपतं, डॅम्पिंग बिघडतं. लाडवाचा पाक करणाऱ्या प्रत्येकाला हे कळेल. एकतारी पाकाच्या आधी उतरवला तर लाडू वळत नाहीत, आणि बोलत बोलत दोन मिनिटं जास्त राहिला तर दगड होतात.

म्हणून टँटलमऐवजी टंगस्टन किंवा मॉलिब्डेनम वापरतात, ४०० अंशांवरही ते बऱ्यापैकी आपल्या जागी राहतात. पण टंगस्टनही जड धातू, जास्त जाड घातला तर तो डॅम्पिंग वाढवणार. मग तो अगदी बारीक घालायचा, किती बारीक ते मोजून ठरवायचं. एका अणूच्या जाडीचा हा खेळ आहे.

मोजतात कसं, हे सांगितलं नाही तर सिग्नल्सवाला म्हणून माझी नाचक्की होईल. फिल्म मायक्रोवेव्हच्या पट्टीवर पालथी ठेवायची आणि बाहेरून चुंबकी क्षेत्र हळूहळू बदलत जायचं. चुंबकनाची घुमण्याची स्वतःची एक फ्रिक्वेन्सी असते, एका टेस्लाला साधारण २८ गिगाहर्ट्झ. ती जुळली की फिल्म मायक्रोवेव्ह शोषते आणि आलेखात खड्डा पडतो. खड्डा अरुंद तर डॅम्पिंग कमी, रुंद तर जास्त. रेडिओच्या ट्यूनिंगसारखंच. पण एका खड्ड्यावर भरवसा ठेवायचा नाही. फिल्म ओबडधोबड असेल तरी खड्डा रुंद होतो. म्हणून वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींना मोजायचं आणि रुंदी कशी वाढत जाते, त्या चढावरून आल्फा काढायचा. आणखी एक पद्धत थेट बिटवरच चालते: त्यातून उच्च फ्रिक्वेन्सीची वीज सोडली की जुळणीच्या जागी थोडासा एकदिश व्होल्टेज उमटतो. २००५ साली 'नेचर'मध्ये हा परिणाम प्रसिद्ध झाला, जपानमधल्या प्रयोगशाळेतून. त्या लेखाचे पहिले लेखक अश्विन तुळापूरकर, जे पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले. कोलकात्याचं सत्येंद्रनाथ बोस केंद्र, भुवनेश्वरचं नायसर, आयआयटी दिल्ली इथेही पातळ फिल्मच्या डॅम्पिंगवर काम चालतं. तुमच्या घरातलं कोणी एम.एस्सी. करत असेल, तर हा विषय परदेशातच आहे असं समजू नका.

आता भाचीची गोष्ट पूर्ण करतो. तिचं काम अशाच एका थरावर होतं. एके दिवशी तिचा फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता. "मामा, आल्फा मस्त आलाय!" मी अभिनंदन केलं, आणि जुनी सवय, विचारलं, "किती अंशांवर भाजल्यावर?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "तीनशे." मी म्हटलं, "आणि चारशेला?" "अजून बघायचंय."

तिनं बघितलं. चारशेला फिल्म गेली. ताठपणा संपला, खड्डा रुंद झाला. दीड वर्षाचं काम. दोन दिवस ती फोनवर बोलली नाही, आणि मला वाटलं, आपण उगाच तोंड उघडलं. तिसऱ्या दिवशी फोन आला. "मामा, दोन्ही आलेख प्रबंधात टाकतेय. तीनशेचा आणि चारशेचा, शेजारी शेजारी. कुठे तुटतं ते तरी पुढच्याला कळेल." नंतर तिनं टँटलमच्या जागी मॉलिब्डेनमचा बारीक थर घालून पाहिला. आल्फा पहिल्याइतका देखणा आला नाही, पण चारशेच्या भट्टीतून बाहेर आल्यावरही तो तेवढाच राहिला. मी तिला म्हटलं, "हा आकडा मी सही करायला तयार आहे."

तेव्हा मंडळी, पेपरात किंवा अशाच एखाद्या व्हिडिओत 'नव्या पदार्थात विक्रमी कमी डॅम्पिंग' अशी बातमी दिसली, तर इन्स्पेक्शनला आल्यासारखे तीन प्रश्न विचारा. एक, ही फिल्म किती पातळ? कारण जाड थरात आल्फा कमी दिसतो, आणि एक-दोन नॅनोमीटरवर तो वाढतो. दोन, ती चारशे अंशांच्या भट्टीतून जाऊन आली आहे का? तीन, त्याच फिल्मची, त्याच भट्टीनंतरची टेकडी किती? एका नमुन्याचा आल्फा आणि दुसऱ्या नमुन्याचा डेल्टा जोडून बिट होत नाही. दोन्ही एकाच फिल्ममध्ये, एकाच वेळी हवेत. खरी अडचण तिथेच आहे, आणि खरी हुशारीही.

ही मेमरी हवेतली नाही. पहिली व्यापारी चुंबकी रॅम २००६ साली बाजारात आली. ती तारेच्या क्षेत्रानं लिहायची, चार मेगाबिटची. २०१९ साली स्पिन टॉर्कवर चालणाऱ्या एक गिगाबिटच्या चिपा आल्या, आणि त्याच वर्षी सॅमसंगनं प्रोसेसरच्या आतच बसणारी चुंबकी मेमरी मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. छोट्या सेलची गरज नाही. बॅटरी काढा, दहा मिनिटं थांबा, दहा महिने थांबा. थंडीत तर डेल्टा वाढतो, म्हणजे आठवण उलट घट्ट होते, फक्त लिहायला थोडी जास्त वीज लागते. त्या रात्री आमच्या सेटमध्ये असा बिट असता तर, हा विचार मनात येतो. पण तेव्हा तो नव्हता, आणि हाती होतं ते थंडीत तपासायला मला कोणी अडवलं नव्हतं.

त्या जवानाशी माझं दर दिवाळीला फोनवर बोलणं होतं. मागच्या वर्षी ही सगळी गोष्ट त्याला सांगितली, कंपासपासून भट्टीपर्यंत. शांतपणे ऐकून तो म्हणाला, "साहेब, म्हणजे आता सेट विसरणार नाही?" मी म्हटलं, "नाही विसरणार. पण बाहेर बर्फात ठेवून बघितल्याशिवाय मी सही करणार नाही."

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, जेवढं समजलं आहे तेवढं सांगेन. बाकीचं भाचीला विचारून सांगेन.  जय हिंद.